दोन शतांशांची चूक

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड-पितळ कातणारा, राहणार स्वतःच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, असे लिहून ठेवतो की आज माझी बुद्धी ताळ्यावर आहे, चष्मा लावला की अक्षर दिसते, आणि हे लिहिताना माझ्या मानगुटीवर कोणी बसलेले नाही. समोर वकीलसाहेब बसले आहेत, पण ते फक्त शुद्धलेखन सुधारतात. (त्यांना सगळी गल्ली वकीलसाहेब म्हणते. वास्तविक ते एका वकिलाच्या कचेरीत चाळीस वर्षे कारकून होते. हा कंस काढा असे ते म्हणत आहेत. मी काढणार नाही.) गेल्या नोव्हेंबरात छातीत पाणी होऊन मी अकरा दिवस इस्पितळात काढले. तेव्हापासून या शरीराचा भरवसा वाटत नाही. म्हणून माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची आणि माझ्या काही गोष्टींची व्यवस्था कशी लागावी, ते स्वखुशीने लिहितो.

कलम १. सहा वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते आजपासून रद्द. त्यात घर थोरल्याला आणि कारखाना धाकट्याला दिला होता आणि कारणेही लिहिली होती, चांगली दीड पान. कोण जास्त लायक, कशात लायक, कोणी माझे किती ऐकले. परवा ते काढून वाचले आणि माझीच मला लाज वाटली. मेल्यावरसुद्धा दोघांना शेजारी उभे करून उंची मोजायची सोय मी करून ठेवली होती. कागद फाडून टाकला आहे. त्याची नक्कल कोणाकडे निघाली तर तिची किंमत रद्दीइतकीच समजावी.

कलम २. माझे वारस दोन, दोघे मुलगे. थोरला एकावन्न वर्षांचा, माझ्यासारखाच टर्नर, स्टेशनपलीकडे त्याचा स्वतःचा कारखाना आहे. धाकटा सत्तेचाळीस वर्षांचा, तीन तासांच्या अंतरावरच्या शहरात कॉलेजात भूमिती शिकवतो. त्यांची आई नऊ वर्षांपूर्वी गेली. दोघे मुलगे माझेच, दोघे शहाणे, आणि गेली अकरा वर्षे ते एकमेकांशी बोलत नव्हते. याला कारण मी आहे. हे वाक्य कायद्याला लागत नाही असे वकीलसाहेब म्हणतात. मला लागते.

मी आईवडिलांना एकुलता एक. लहानपणी माझ्या शेजारी उभे करायला घरात दुसरे कोणी नव्हते, त्यामुळे ते कसे टोचते हे मला कधी कळलेच नाही. मला वाटायचे, एकाला दुसऱ्याचे उदाहरण दिले की दोघेही पुढे सरकतात. थोरल्याच्या हातात कला होती. दहाव्या वर्षी तो पितळेचा भोवरा असा काढायचा की जमिनीवर सोडला की जागचा हलायचा नाही. धाकट्याचे डोके चालायचे. नुसता यंत्राचा नकाशा बघून हा भाग त्या भागात बसणार नाही असे सांगायचा, आणि तो खरेच बसायचा नाही. मग मी काय करावे? थोरल्याला म्हणायचे, "धाकट्याचं डोकं बघ." धाकट्याला म्हणायचे, "थोरल्याचा हात बघ." ज्याचे कौतुक करायचे, त्याच्यासमोर मात्र शब्द काढायचा नाही, नाहीतर पोर शेफारते.

हिने मला एकदा नव्हे, शंभरदा सांगितले. शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "अहो, मुलं आहेत ती. लेथवरचे जॉब नाहीत, रोज मापं काढायला." मी म्हणायचो, "तुला कारखान्यातलं काय कळतं?" ती म्हणायची, "कारखान्यातलं नाही कळत. घरातलं कळतं."

कलम ३. राहते घर, तीन खोल्या आणि गच्ची, दोन्ही मुलांच्या नावे समाईक. विकायचे तर दोघांच्या संमतीने, ठेवायचे तरी दोघांच्या संमतीने. न्हाणीघराचा नळ डावीकडे हळू फिरवावा, झटका दिला की गळतो. मधल्या खोलीची खिडकी पावसात फुगते. ती तासून घ्या असे मी वीस वर्षे म्हणतो आहे आणि तासायची ती मीच, हे मला मान्य आहे.

कलम ४. बँकेतली शिल्लक दोघांत सारखी. तिच्याबद्दल याहून जास्त लिहावे अशी ती नाही. हिचे शिलाई मशीन थोरल्या सुनेला, कारण ती ते वापरते. हिचा कपाटातला आरसा धाकट्या सुनेला, कारण तिने एकदा तो मागितला होता आणि मी "बघू" म्हणून विषय बदलला होता.

कलम ५. माझा मेव्हणा. गेली तीस वर्षे तो जेव्हा जेव्हा घरी आला, तेव्हा तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, "काय मेस्त्री, दोघांतला हुशार कोणता?" मीही दर वेळी उत्तर दिले, एकदासुद्धा त्याला हाकलले नाही. त्याला माझी मागच्या पायाने लंगडणारी खुर्ची द्यावी. तो येऊन बसायचा ती हीच. समोरच्या घड्याळवाल्याने माझी शिडी चार वर्षांपूर्वी नेली आहे. ती त्याच्याकडेच राहू द्या, मात्र ती माझी होती हे त्याला एकदा मोठ्याने सांगा.

कलम ६. कारखाना, त्यातली दोन लेथ, ड्रिल, भाते, सगळी हत्यारे. हेही समाईक. कोणते यंत्र कोणाला हे मी लिहिणार नाही. दोघांनी खाली बसून, चहा घेऊन, बोलून ठरवावे. बोलणे हीच अट आहे. मोठ्या लेथच्या बेडवर रोज तेलाचा हात फिरवावा. आता मायक्रोमीटर, केसाची जाडी मोजणारे हत्यार. तो लाकडी पेटीत, वरच्या खणात आहे. त्याच्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, आणि हे मृत्युपत्र मुळात त्याच्यासाठीच आहे.

अकरा वर्षांपूर्वी पाणीपुरवठ्याच्या पंपाचा शाफ्ट, म्हणजे पंप फिरवणारा दांडा, करायचे काम आमच्याकडे आले. थोरला तेव्हा माझ्याच कारखान्यात होता. त्याने तीन दिवस खपून तो शाफ्ट काढला. ज्या दिवशी पंपवाले साहेब माल न्यायला आले, त्या दिवशी धाकटा सुट्टीवर घरी आला होता आणि आईने दिलेला चहा घेऊन खाली उतरला होता. मला काय दुर्बुद्धी झाली! साहेबांसमोर, कामगारांसमोर मी माझा मायक्रोमीटर धाकट्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "तू बघ रे माप. शिकलेला माणूस आहेस."

धाकटा म्हणाला, "बाबा, दादाने बघितलंच असेल की."

"मी तुला सांगतोय."

त्याने मोजले. पुन्हा मोजले. मग हळूच म्हणाला, "दोन शतांश कमी दाखवतंय. पण मला याची सवय नाही, माझंच चुकत असेल."

एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले दोन. केसापेक्षाही कमी. पण बेअरिंगच्या जागी शाफ्ट एवढा जरी बारीक निघाला तरी काम फुकट जाते. थोरला म्हणाला, "बाबा, मी माझ्या मायक्रोमीटरने तपासलंय. बरोबर आहे."

मी म्हणालो, "तुझं माप तुझ्यापाशी ठेव. तीन दिवस घासून तुला जे दिसलं नाही, ते याने पाच मिनिटांत दाखवलं. जरा शीक त्याच्याकडून."

 थोरल्याने एप्रन काढला, खुंटीला लावला, हात धुतले आणि गेला. तो पुन्हा त्या दारातून आत आला नाही. आईला भेटायला मागच्या जिन्याने यायचा. धाकटा त्याच दिवशी थोरल्याच्या घरी गेला होता. दार उघडून थोरला एवढेच म्हणाला, "तुझं माप झालं ना काढून? मग जा."

पुढचे कोणालाच माहीत नाही. थोरला गेल्यावर मी दुसरा शाफ्ट स्वतः काढला. माझ्याच मायक्रोमीटरने मोजला, अगदी नेमका. आणि त्यावर बेअरिंग चढेना. मी घाम गाळला, तेल लावले, शिव्या दिल्या, पण चढेना. मग मायक्रोमीटर पूर्ण मिटवून पाहिला. शून्यावर यायला हवा होता, तो दोन शतांश मागे उभा. त्या आधीच्या आठवड्यात तो माझ्याच हातून फरशीवर पडला होता. मी पुसून पेटीत ठेवून दिला होता, तपासला नव्हता.

म्हणजे थोरल्याचा शाफ्ट बरोबर होता. चूक माझी होती आणि धाकट्याच्या तोंडून मी ती वदवून घेतली होती.

मी काय केले? कोपऱ्यात टाकलेला थोरल्याचा शाफ्ट उचलला, पुसला आणि पंपवाल्या साहेबांना दिला. नवा केला म्हणून दिला. ते म्हणाले, "शेवटी तुमचा हात तो तुमचा हात, मेस्त्री." मी मान डोलावली. ते मान डोलावणे मला अकरा वर्षे विसरता आलेले नाही. मुलाला सांगायला स्टेशनपलीकडे जावे लागले असते, वीस मिनिटांची वाट. मी रोज उद्यावर ढकलत गेलो. मग ही गेली. तिला शेवटचा निरोप देताना दोघे मुलगे दोन बाजूंना उभे होते, मध्ये मी. तेव्हाही माझे तोंड उघडले नाही.

तो मायक्रोमीटर मी दुरुस्त केलेला नाही. तो कोणालाही देऊ नये.

कलम ७. हे कलम का आले ते सांगतो. इस्पितळात मुलांनी वेळा वाटून घेतल्या होत्या. थोरला सकाळी, धाकटा संध्याकाळी, म्हणजे गाठ पडायला नको. आठव्या दिवशी दिवसभर वॉर्डाची धुलाई निघाली, सगळ्यांना भेटीची एकच वेळ दिली आणि दुपारी चार वाजता दोघे एकदमच आले. मी डोळे मिटून पडलो होतो. पावलांवरून दोघांना ओळखले आणि मुद्दाम डोळे उघडले नाहीत. भित्रा माणूस असेच करतो.

धाकटा म्हणाला, "दादा, तू बस. मी बाहेर थांबतो."

थोरल्याने एक खुर्ची ओढली. मग म्हणाला, "बस रे. खुर्च्या दोन आहेत."

दोघे बसले, पलंगाच्या दोन बाजूंना.  कोपऱ्यातला पंखा कुरकुरत होता तेवढाच. मग थोरला म्हणाला, "उठले की पहिलं विचारतील, कोण आधी आलं."

धाकट्याच्या नाकातून हसू फुटल्यासारखा आवाज आला. "मला रोज ऐकवतात. थोरला पहाटेच येऊन अंग पुसून गेला, तू आता उगवतोयस."

"काय?" थोरला म्हणाला. "अरे, मला म्हणतात, धाकटा तीन तास गाडीत बसून येतो, तू इथून दोन गल्ल्यांवरून येतोस आणि चेहरा बघ."

धाकट्याची खुर्ची पुढे सरकली. 

"दादा, तुला पहिल्यापासून असंच म्हणायचे?"

"पहिल्यापासून. धाकट्याचं डोकं बघ. जेवताना, आंघोळीला जाताना. परीक्षेत तुझा नंबर आला की मला दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही."

"आणि मला म्हणायचे, दादाचा हात बघ. तुझ्या हातून साधा खिळा सरळ जात नाही. अरे, मी चोरून खिळे ठोकायची प्रॅक्टिस करायचो! गच्चीवर! अंगठा सुजला तेव्हा आईला सांगितलं दारात सापडला."

"म्हणजे तो अंगठा..."

"तुझ्यामुळे!"

आणि मग दोघे हसायला लागले. आधी दबून, मग खुर्च्या हलेपर्यंत. माझ्या उशाशी, माझ्यावर, माझे पोटचे दोन मुलगे हसत होते आणि मला अंग हलू द्यायचे नव्हते, कारण डोळ्यांतून पाणी उशीत जात होते. नर्सबाई येऊन रागावल्या, "अहो, पेशंट झोपलेत, हळू जरा!" थोरला म्हणाला, "झोपू द्या बाई. उठले की आमचे मार्क सांगतील." त्यावर नर्सबाईसुद्धा हसल्या.

मायक्रोमीटरचे नाव मात्र दोघांपैकी कोणी काढले नाही. तिथपर्यंत येऊन दोघे थांबले. पुढची वाट माझ्या बाजूने बंद होती.

कलम ८. जी वस्तू एकाची आणि मी दुसऱ्याच्या हवाली केली, ती मूळ मालकाला परत जावी, असे माझे म्हणणे आहे. थोरल्याबद्दल जे चांगले बोललो ते सगळे धाकट्याजवळ पडून आहे, आणि धाकट्याचे थोरल्याजवळ. म्हणून लिहितो:

थोरल्या, तुझ्यासारखा हात मी साठ वर्षांच्या धंद्यात दुसरा पाहिला नाही. माझाही नाही. तुझ्या शाफ्टवर माझे नाव लागले तेव्हा मला कौतुक ऐकताना बरे वाटले, एवढा तो चांगला होता.

धाकट्या, तुझा वर्ग मी एकदा पाहिला आहे. तुला न सांगता आलो होतो, मागच्या बाकावर बसलो. तू फळ्यावर नुसत्या हाताने वर्तुळ काढलेस आणि एका घाबरलेल्या मुलीला म्हणालास, "चुकू दे, मग बघू." मला कोणी तसे म्हणाले असते तर मी वेगळा बाप झालो असतो. परतीच्या गाडीत मी शेजारच्या अनोळखी माणसाला दोन तास तुझ्याबद्दल सांगत होतो. तुला मात्र पोहोचल्याचा फोनही केला नाही.

कलम ९. आठव्या कलमापर्यंत लिहून झाल्यावर वकीलसाहेबांनी कागद वाचले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "मेस्त्री, हे त्यांनी तुम्ही गेल्यावर वाचायचं?"

"मृत्युपत्र तेव्हाच वाचतात ना?"

"वाचतात. पण मग पोरांनी उत्तर कोणाला द्यायचं?"

चाळीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाने असे विचारावे! मी तीन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी दोन फोन केले, आणि आज रविवारी दोघे मुलगे आले. थोरला पुढच्या दाराने आला, कारखान्यातून, अकरा वर्षांनी. खुंटीवर त्याचा एप्रन अजून होता. त्याने पाहिला आणि जिना चढला.

वर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघांना बसवून मी सहावे कलम मोठ्याने वाचले.  धाकटा चेहरा हातात धरून म्हणाला, "म्हणजे मी चूक सांगितली. दादा, मी तुझं बरोबर काम चूक म्हणून सांगितलं."

थोरला म्हणाला, "तू यंत्रात दिसलं ते सांगितलंस. तेही भीतभीत." मग माझ्याकडे वळला. "मला माहीत होतं, बाबा."

मी म्हणालो, "काय माहीत होतं?"

"चार वर्षांपूर्वी त्या पंपाची देखभाल माझ्याकडे आली. पंप उघडला तर आत माझाच शाफ्ट. टोकाला मी बारीक ठिपका मारतो, तो होता. झिजलासुद्धा नव्हता. शाफ्ट बरोबर होता हे मला कळलं. फक्त तुम्हाला कळलंय की नाही, ते कळत नव्हतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो."

धाकटा म्हणाला, "आणि माझ्याशी? माझ्याशी तरी बोलायचंस, चार वर्षं!"

थोरला टेबलावरची बशी नुसती फिरवत राहिला. मग म्हणाला, "सुरुवात कुठून करायची ते जमेना रे बारक्या. तुझ्यासारखं बोलायला येत नाही मला."

मी दोघांची माफी मागितली. कलमात लिहिली नव्हती, तोंडाने मागितली. माफ केले असे कोणी म्हणाले नाही, आणि तसे पटकन म्हणावे असा तो गुन्हाही नाही. थोरल्याने उठून माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. मग मी आठवे कलम वाचायला घेतले. अर्ध्यावर धाकट्याने कागद माझ्या हातातून घेतला आणि थोरल्याचा भाग थोरल्याला स्वतः वाचून दाखवला. थोरल्याने त्याचा वाचला, अडखळत, कारण त्याला चष्म्याचा नंबर वाढवून घ्यायचा आहे. सबब कलम ८ ची अंमलबजावणी माझ्या हयातीत, माझ्यासमोर पुरी झाली आहे. माझ्या पश्चात त्यासाठी कोणाला काही करावे लागणार नाही.

जेवण झाल्यावर धाकटा खाली कारखान्यात गेला आणि मोठ्या लेथच्या चाकावर हात ठेवून उभा राहिला. थोरला त्याच्या मागे. मी जिन्यात बसलो होतो. धाकटा म्हणाला, "दादा, सुट्टीत मला शिकवशील? मला खरंच कधी कोणी शिकवलंच नाही."

थोरला म्हणाला, "सातला यायचं. सव्वासातला आलास तर दार बंद."

"आणि चुकलं तर?"

"चुकू दे. मग बघू."

त्याने लेथचा पकडणारा चक उघडून लोखंडाचा एक तुकडा बसवला आणि धाकट्याच्या हातावर हात ठेवून टूल पुढे घेतले. कापताना यंत्र किंचाळले, तुकडा वेडावाकडा निघाला. मी पाहिले आणि "अरे, थोरल्याचा हात" एवढे शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आले. मी तोंड उघडलेही होते. मग मिटले. जिन्यातच बसून राहिलो आणि दोघे काय करतात ते नुसते बघत राहिलो, खूप वेळ.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि तो माझ्या मनासारखा उतरला आहे. म्हणून खालील दोघांसमोर सही करतो. त्यांना या मिळकतीतले काहीही मिळणार नाही, हे त्यांना आधीच सांगितले आहे.

ठिकाण: राहते घर, कारखान्यावरचा मजला
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२४, रविवार, संध्याकाळ

सही: मेस्त्री

साक्षीदार पहिले: वकीलसाहेब, शेजारी, निवृत्त कारकून. (सही केली. कंस अजूनही काढलेला नाही, अशी नोंद घ्यावी.)

साक्षीदार दुसऱ्या: कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई. मेस्त्रींना तपासले, शुद्धीत आहेत. नाडी जरा जलद आहे. खालून दोघांच्या मोठ्याने भांडण्याचा आवाज येतो आहे, पण विचारता कळले की ते भांडण लेथच्या वेगाबद्दल आहे.